तीनला दहा कमी

टेस्टरकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा कुठे सही करायची वेळ आली की मगच आठवायचं. बाकी सगळ्या जगाला ते टेस्टरकाका. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, तिथे यांचा टेस्टर असायचा. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला वायर आणि चिमटा, मधे करंगळीच्या पेराएवढा दिवा. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा आणि सुई वायरला टोचायची. दिवा लागला म्हणजे तिथपर्यंत वीज पोचतेय. नाही लागला म्हणजे घोडं पेंड खातंय ते त्याच्या अलीकडेच कुठेतरी.

एकतीस वर्षं हा माणूस चालू न होणाऱ्या गाड्यांच्या मागे होता. रंग नाही, पत्रा नाही, टायर नाही. "चालू असलेली गाडी माझ्याकडे आणू नका, मला तिच्यातलं काही कळत नाही," असं ते म्हणायचे आणि ते निम्मं खरंही होतं. गाडी पुढ्यात आली की बॉनेट उघडायची घाई कधी नाही. आधी मालकाला विचारायचं, काल काय काय केलंत? मग किल्ली फिरवून सेल्फ मारायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. नुसतं टक् झालं तर एक रोग, टकटकटक झालं तर दुसरा, इंजिन गरगर फिरलं पण पकडलं नाही तर तिसराच. सेल्फ मारताना पुढचे दिवे मंदावतात की तसेच राहतात, तेही बघायचं. एवढ्यावर निम्मं निदान झालेलं असायचं. उरलेलं दिवा सांगायचा.

त्यांची बायको म्हणायची, "तुमच्यापुढे देव येऊन उभा राहिला तरी तुम्ही आधी त्याला सुई टोचाल."

"दिवा लागला तर नमस्कार करीन की," काका म्हणायचे.

अशा माणसाला त्या वर्षीच्या थंडीत एक फोन आला. बाईचा आवाज होता, औषधांच्या दुकानात काम करते म्हणाली. घरी एक जुनी गाडी पडून आहे, नवरा पाच महिन्यांपूर्वी गेला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला गाडी लागते आणि ती काही केल्या चालू होत नाही.

घर एका उताराच्या रस्त्याच्या टोकाला होतं. खाली शटर लावलेली गाडीची खोली, तिच्या बाजूने वर जाणारा लाकडी जिना, आणि वर तीन खोल्या. गाडीच्या बरोबर डोक्यावर सासूबाईंची खोली. कुंपणावर एक करडी मांजर बसली होती. ती घरचीच, पण हल्ली घरात पाऊल ठेवत नाही, दूधसुद्धा बाहेरच पिते, असं सूनबाई शटर उघडता उघडता म्हणाली.

काकांनी किल्ली फिरवली. टक् सुद्धा नाही. बॅटरी पार बसलेली होती. त्यांनी बरोबर आणलेली बॅटरी जोडली, पुन्हा सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण पकडेना. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला.

"टाकीत पेट्रोल कुठाय ताई?"

"असेल की. हे गेले त्याच्या आदल्या दिवशी टाकी भरून आणली होती. मी भीत भीत फक्त दोनदा दवाखान्यात गेलेय."

"कुणी काढून घेतलं असेल."

"शटरला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे."

काकांनी टाकीखाली वाकून पाहिलं. गळती नव्हती, फरशी कोरडी ठणठणीत. प्लग काढले तर चारही काजळीने काळे, एकाच जागी उभं राहून तासन्‌तास धडधडत राहणाऱ्या गाडीचे असावेत तसे. त्यांना ते खटकलं, पण जुन्या गाड्यांच्या नाना तऱ्हा असतात. प्लग घासून बसवले, कॅनमधून पाच लिटर पेट्रोल ओतलं आणि गाडी पहिल्या हाकेला चालू झाली. निघताना सवयीप्रमाणे त्यांनी वहीत किलोमीटरचा आकडा टिपून घेतला.

दहाव्या दिवशी दुपारी साडेतीनला पुन्हा फोन. गाडी चालू होत नाही.

काका पंधरा मिनिटांत पोचले. सूनबाई दुकानातून लवकर सुटून आली होती. सव्वातीनला शटर उघडलं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, आणि गाडी उचलेना. गेल्या दहा दिवसांत गाडीला हातही लावला नव्हता. ती कामावर बसनेच जायची.

किलोमीटरचा आकडा वहीतलाच होता. एकानेही वाढला नव्हता. आणि पेट्रोलचा काटा पुन्हा तळाला.

काकांनी बॉनेट उघडायला हात टेकला आणि तसाच मागे घेतला. पत्रा गरम होता. नुकतीच कुणीतरी गाडी आणून लावावी इतका. त्यांनी वाकून इंजिनाला हात लावला, सायलेन्सरला लावला आणि बोटं झटकली.

"ताई, आत्ता गाडी चालवली कुणी?"

"कोण चालवणार? मी आत्ता आले. घरात एकट्या सासूबाई, त्यांना जिनासुद्धा धड उतरता येत नाही."

"सेल्फ किती वेळ मारलात?"

"दोनदा. तेही फिरला नाही."

त्या खोलीत एक कोंदट, गोडसर वास भरून राहिला होता. बाहेर मांजर कुंपणावरून त्यांच्याकडे नाही, वरच्या खिडकीकडे बघत होती.

"हात धुवायला वर येऊ का?" त्यांनी विचारलं. खरं तर त्यांना सासूबाईंना बघायचं होतं.

सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. चौऱ्याहत्तरच्या असतील. आजारी माणसाचा चेहरा पांढराफटक असतो, यांचे गाल मात्र लालसर, तजेलदार. खिडक्या थंडीसाठी गच्च लावलेल्या आणि फटींत चिंध्या कोंबलेल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "तुम्ही खालून आलात ना? मग तो भेटला असेल."

"कोण, मावशी?"

"माझा मुलगा. आत्ताच तर उतरला."

सूनबाईने दारातूनच मान खाली घातली. काका स्टुलावर बसले. मालकाला विचारायची एकतीस वर्षांची सवय होती.

"रोज येतो?"

"रोज. तीनला दहा कमी असताना. पहिल्या पाळीला जायचा ना, अकरा वर्षं त्याच वेळेला घरी यायचा. गाडीचा आवाज येतो. पण लगेच वर येत नाही हो, दमलेला असतो. थोडा वेळ गाडीतच बसून राहतो. मग जिना वाजतो." त्यांनी पलंगाच्या कडेवर हात फिरवला. "इथे टेकतो. बोलत नाही. पण त्याचा तो वास येतो ना, कपड्यांचा, पेट्रोलचा. त्यावरून मला डोळे मिटूनसुद्धा कळतं. मग माझा डोळा लागतो, आणि उठते तेव्हा तो गेलेला असतो."

"आज आला होता?"

"आला होता. पण आज लवकर गेला. गाडीच मधे बंद पडली त्याची."

खाली टाकी रिकामी होती, आणि ते या बाईला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

जिन्यात सूनबाई हळूच म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, वयामुळे होतं असं. दुःखामुळे होतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

"तुमची तब्येत कशी असते ताई?"

"माझी? माझं काय, दमून येते. घरात आलं की डोकं दुखायला लागतं. दुकानात असते तोवर बरं असतं."

काकांनी बॅटरी काढून खांद्यावर घेतली. "उद्या दुपारी तुम्ही सुट्टी घ्या. मावशींना पलीकडच्या खोलीत बसवा आणि सगळ्या खिडक्या सताड उघडा. थंडी वाजली तर दोन पांघरुणं घाला, पण खिडकी लावायची नाही. मी येतो."

त्या रात्री जेवताना बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "एक गाडी आहे. तिला कुणीतरी बसल्या जागी चालवतंय."

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला त्यांनी चार्ज केलेली बॅटरी बसवली आणि तीन लिटर पेट्रोल ओतलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती, हँडब्रेक ओढलेला. त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात घातली, शटर निम्मं खाली ओढलं आणि एक खोकं उलटं टाकून गाडीच्या समोर बसून राहिले. मधे सूनबाईने चहा आणून दिला आणि काही न विचारता परत गेली.

अडीच वाजले. पावणेतीन वाजले. काकांच्या हातात टेस्टर होता आणि तो टोचायला जागा नव्हती. बंद गाडीत पाहण्यासारखं काय असतं? पण त्यांची नजर राहून राहून चालकाच्या सीटवर जात होती. सीटच्या पाठीला वर्षानुवर्षं टेकलेल्या पाठीचा खोलगटपणा आलेला होता. उजेड तिरका झाला तसा तो खोलगटपणा अधिकच गडद दिसायला लागला.

तीनला दहा कमी असताना आत कुठेतरी टक् झालं.

डॅशबोर्डवरचे लाल दिवे पेटले. सेल्फ फिरला, एकदाच, सफाईने. आणि इंजिनाने पकडलं. आवाज चढला, थरथरला, मग एका लयीत आला. किल्लीचं भोक रिकामं होतं. सीट रिकामी होती. काका केव्हा उठले आणि केव्हा भिंतीला पाठ लावून उभे राहिले ते त्यांना कळलं नाही. आपण मोठ्याने "या" म्हणालो, हे मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. तो शब्द का निघाला, हे पुढे आयुष्यभर त्यांना कधी सांगता आलं नाही.

मग धूर आला, आणि धुराने त्यांना भानावर आणलं. सायलेन्सरमधून निघालेला निळसर धूर शटरकडे न जाता वर चढत होता. छताच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या, आणि वरची खोली उबदार असल्यामुळे की काय, त्या फटी तो धूर हळूहळू शोषून घेत होत्या. बरोबर पलंगाखाली.

काकांनी शटर वर फेकलं, बॉनेट उघडलं आणि कॉइलची वायर उपटली. इंजिन थांबलं.

त्यानंतरचं काम त्यांच्या हातचं होतं. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून त्यांनी एकेक वायर टोचत नेली. सेल्फच्या वायरला एक जोड मिळाला, त्याच्यामागे दुसरा. पार आत, पत्र्याला बांधलेली, साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी सापडली. जोड इतके नेटके होते, टेप इतकी बारकाईने गुंडाळलेली होती, की काकांनी मनातल्या मनात त्या माणसाला शाबासकी दिली.

डबी पाहून सूनबाई कपाळाला हात लावून खाली बसली. "हे ह्यांनीच बसवलं होतं. थंडीत घरातून बटण दाबलं की गाडी गरम होऊन राहते म्हणायचे. त्यांना पहाटे निघायचं असायचं. मी विसरूनच गेले होते हो."

गाडीच्या खणात डबीची पुस्तिकाही निघाली. थंडी ठराविक अंशाच्या खाली गेली की डबी आपली आपण जागी व्हायची, दर चोवीस तासांनी इंजिन चालू करायची आणि पंचवीस मिनिटांनी बंद करायची. पेट्रोल संपलं की बॅटरी बसेपर्यंत धडका मारत राहायची.

"म्हणजे एवढंच होतं," सूनबाई म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

"एवढंच नव्हे ताई. हा धूर माणसाला मारतो. नकळत. आधी डोकं जड होतं, मग झोप येते, नसलेलं दिसायला लागतं. आणखी एक महिना गेला असता तर..." त्यांनी वरच्या खोलीकडे बोट दाखवलं. "त्यांना आत्ताच दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरला सांगा, गाडीचा धूर गेलाय पोटात."

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तेच सांगितलं. सासूबाईंना चार दिवस ठेवून घेतलं. काका कौतुकाचे धनी झाले. औषधांच्या दुकानात जो येईल त्याला सूनबाई त्यांची गोष्ट सांगू लागली.

काकांना मात्र त्या चार दिवसांत झोप लागली नाही. ती डबी त्यांनी स्वतःच्या गॅरेजातल्या टेबलावर ठेवून पुस्तिका तीनदा वाचली. चोवीस तास मोजायचे ते वीज मिळाल्या क्षणापासून, असं त्यात साफ लिहिलं होतं. आणि वीज त्यांनी स्वतःच्या हाताने जोडली होती, दुपारी बाराला. मग डबीने दुसऱ्या दिवशी बाराला जागं व्हायला हवं होतं. त्यांनी डबी बर्फाच्या पेटीत ठेवून, बॅटरीला जोडून तीन वेळा पारखली. तिन्ही वेळा बरोबर चोवीस तासांनी टक् झालं. मिनिट इकडे नाही, मिनिट तिकडे नाही.

हे त्यांनी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून ती म्हणाली, "दिवा लागला म्हणायचा का?" पण नेहमीसारखी हसली नाही.

सासूबाई घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईचा फोन. "काका, आईंनी बोलावलंय तुम्हाला. माझं ऐकत नाहीत."

सासूबाईंच्या गालांवरची लाली गेली होती. आता त्या खरोखरच म्हाताऱ्या दिसत होत्या. खिडकी उघडी होती आणि मांजर पलंगाच्या पायथ्याशी निवांत पसरली होती.

"ते जे काढलंत, ते परत जोडून द्या," त्या म्हणाल्या.

"मावशी, तो धूर..."

"मला धुराचं सांगू नका. चार दिवस तेच ऐकतेय. तुम्ही मला बरं केलंत, मान्य. पण मी कधी म्हटलं होतं, मला काही झालंय म्हणून? तो येत होता. तुम्ही येऊन त्याची वाट बंद केलीत."

सूनबाई रडायला लागली. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एकतीस वर्षांत त्यांना कुणी, दुरुस्त केलेली गाडी पुन्हा बिघडवून द्या, असं म्हटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे या बाईला खोडून काढण्याइतकी खात्री उरलेली नव्हती.

"गाडी अंगणात ठेवतो," ते शेवटी म्हणाले. "तोंड भिंतीकडे, धूर रस्त्याकडे. आवाज येईल. चालेल?"

"आणि वेळ?"

"वेळ तीच."

त्या दुपारी त्यांनी अंगणात डबी पुन्हा जोडली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले आणि तीनला दहा कमी असताना बॅटरीची शेवटची वायर टेकवली. उद्या ती त्याच वेळेला जागी होणार. या वेळी का, ते त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं वरच्या खोलीत बसले. खिडकी उघडी होती, गार वारा येत होता. ठरल्या वेळेला अंगणात टक् झालं, सेल्फ फिरला, इंजिनाने पकडलं. सासूबाई सरळ होऊन बसल्या. त्यांनी पलंगाच्या कडेची चादर सारखी केली आणि दाराकडे तोंड केलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. इंजिन एका लयीत चालत होतं. सूनबाईने सासूबाईंचा हात हातात घेतला. जिन्यावर काही वाजलं नाही. पंचवीस मिनिटांनी गाडी आपली आपण बंद झाली आणि रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं पुन्हा ऐकू यायला लागलं.

सासूबाई बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही नुसती गाडी आहे."

"हो, मावशी."

"काढून टाका ते." आणि थोड्या वेळाने, सुनेकडे वळून, "तू शिकून घे गं नीट चालवायला. उगीच दुसऱ्याच्या जिवावर किती दिवस बसायचं."

काका उठले. दारापाशी सूनबाईने त्यांना थांबवलं आणि सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "त्या दिवशी तुम्ही खाली एकटेच होतात. तुम्हाला काही दिसलं का?"

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला हो ऐकायचं होतं की नाही, हे त्यांना समजेना. बारा वाजता जोडलेल्या बॅटरीची गोष्ट त्यांच्या ओठांवर आली होती.

"मला फक्त गाडी दिसली, ताई," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

ते जिना उतरू लागले. जिना अरुंद होता, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला थांबावं लागेल इतका. काका भिंतीला अंग चोरून, एका बाजूने, हळूहळू खाली आले. समोरून वर येणाऱ्याला वाट असावी म्हणून.